स्वनातीत विमानाचा तोल

टांग्यातून प्रवास केलेल्या माणसाला तोल म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागत नाही. मागच्या बैठकीवर तिघे धिप्पाड उतारू बसले की टांगा उलाळ होतो, दांड्या वर उचलल्या जातात, घोड्याच्या पोटाखालचा पट्टा ताणला जातो आणि टांगेवाला मान न वळवताच म्हणतो, "साहेब, जरा पुढे सरकून बसा." ओझे तेवढेच राहते, चाकेही तीच राहतात, ओझ्याची जागा तेवढी बदलते आणि घोडा पुन्हा सुखाने चालू लागतो. टांगेवाल्याचे हे काम सोपे, कारण चाकांचा आस हा त्याचा टेकू आहे आणि तो टेकू कधी हलत नाही. आता असा एखादा टांगा कल्पावा, की घोडा भरधाव सुटताच त्याचा आसच हात-दोन हात मागे सरकतो आणि वेग उतरला की पुन्हा पुढे येतो! अशा टांग्यातील उतारूंना वेगाच्या प्रत्येक पायरीवर उठून जागा बदलावी लागेल. आणि ती वेळेवर बदलली नाही तर टांगा एक तर नाकावर जाईल किंवा पाठीवर.

ध्वनीहून अधिक वेगाने उडणाऱ्या कॉन्कॉर्ड विमानाची स्थिती नेमकी अशी होती. त्यात जागा बदलणारे उतारू मात्र माणसे नव्हती, ते होते इंधन.

ब्रिटन आणि फ्रान्स या दोन देशांनी १९६२ साली करार करून हे विमान बांधावयास घेतले. २ मार्च १९६९ रोजी फ्रान्समधील तुलूज येथून त्याने पहिली झेप घेतली, आणि २१ जानेवारी १९७६ पासून ते उतारूंची ने-आण करू लागले. एके काळी आपल्या एअर इंडियानेही अशा दोन विमानांवर हक्क राखून ठेवला होता; पुढे तो विचार मागे पडला. एकंदर वीस विमाने बांधली गेली, त्यांपैकी चौदा प्रत्यक्ष सेवेत उतरली, आणि २००३ साली ती सर्व कायमची जमिनीवर आली. त्यानंतर ध्वनीपेक्षा वेगवान असे प्रवासी विमान जगात कोठेही नियमित सेवेत आलेले नाही.

तरीही कॉन्कॉर्ड चालविण्याचा अनुभव आज घेता येतो. ब्रिटिश वैमानिकांना ज्या यंत्रावर या विमानाचे शिक्षण दिले जाई, तो फिल्टन येथील सिम्युलेटर, म्हणजे उड्डाणाची हुबेहूब नक्कल करणारा कक्ष, विमाने निवृत्त झाल्यावर इंग्लंडमधील ब्रुकलँड्स संग्रहालयात नेण्यात आला आणि दुरुस्त होऊन पुन्हा चालू झाला. घरच्या संगणकावर चालणारे उड्डाणाचे खेळही आता इतके बारकाईने रचलेले असतात, की त्यांतील कॉन्कॉर्डचा प्रत्येक काटा आणि प्रत्येक कळ मूळ विमानाबरहुकूम हलते. हौशी माणूस यापुढे बसतो तो वेगाच्या ओढीने. ध्वनीच्या दुप्पट वेग, साठ हजार फूट उंची, साडेतीन तासांत लंडनहून न्यूयॉर्क! पण पहिल्या दोन-चार उड्डाणांतच त्याच्या ध्यानी येते, की वेगाची दांडी पुढे ढकलणे हे या विमानातले सर्वांत सोपे काम आहे. अवघड काम उजव्या हाताच्या भिंतीवर, टाक्यांच्या आणि पंपांच्या फलकावर चालते. आणि तिकडे दुर्लक्ष झाले की विमान कुरकुर करू लागते.

विमानात इंधन किती होते हे प्रथम पाहावे. पूर्ण भारासह कॉन्कॉर्डचे वजन सुमारे १८५ टन. त्यांत इंधन जवळजवळ ९५ टन, म्हणजे निम्म्याहूनही किंचित अधिक. उतारू असत शंभर. त्यांचे सामानासकट वजन दहा-अकरा टनांच्या घरात. थोडक्यात, या विमानात माणूस हा पाहुणा होता आणि इंधन हे घरधनी. एखादा उतारू पुढच्या खुर्चीवरून उठून पार मागच्या टोकाला गेला, तर विमानाचा गुरुत्वमध्य दोन सेंटीमीटरही हलत नसे. तोलाचा सारा व्यवहार मग इंधनाशीच करावयाचा, हे उघड आहे.

हे इंधन तेरा टाक्यांत वाटलेले असे. १ ते ११ असे क्रमांक आणि शिवाय ५-अ व ७-अ अशा दोन जादा टाक्या, मिळून तेरा. यांतील पहिल्या चार लहान. प्रत्येकीत चार टनांहून थोडे अधिक इंधन मावे. प्रत्येक इंजिनाला आपापली एक, अशी ही वाटणी होती. इंजिन आपल्या टाकीतूनच पीत असे, आणि इतर मोठ्या टाक्या या चौघींना सतत भरत राहात. ५ ते ८ आणि ५-अ, ७-अ या मुख्य टाक्या त्रिकोणी पंखांत पसरलेल्या. उरल्या तीन: ९, १० आणि ११. यांतील ९ व १० क्रमांकाच्या पुढच्या अंगाला, तर ११ क्रमांकाची अगदी शेपटाशी. ९ मध्ये सुमारे अकरा टन मावत, १० मध्ये बारा आणि ११ मध्ये दहा. इंधन साठविणे हे या तिघींचे दुय्यम काम. त्या होत्या तराजूच्या पारड्यांसारख्या. एकीतले ओझे काढून दुसरीत घालावयाचे आणि काटा मध्यावर ठेवावयाचा.

पण काटा मध्यावरून ढळावाच का? विमानाने वेग घेतला म्हणून त्यातील एकही वस्तू जागची हललेली नसते. याचे उत्तर हवेच्या स्वभावात आहे. विमान ध्वनीहून मंद चालते तेव्हा त्याच्या येण्याची वर्दी पुढच्या हवेला आधीच मिळते, कारण दाबातले फरक ध्वनीच्या वेगाने पुढे पोहोचत असतात. वर्दी मिळालेली हवा पंख येण्यापूर्वीच वर वळू लागते आणि पंखाच्या पुढच्या भागावर तिचा उचलणारा जोर अधिक पडतो. विमान ध्वनीला मागे टाकते तेव्हा ही वर्दी बंद होते. पंख हवेवर अचानक येऊन आदळतो. उचलणारा जोर पुढच्या कडेशी दाटी करून राहात नाही, तो पंखभर मागेपर्यंत पसरतो. परिणामी उचलीचा मध्यबिंदू मागे सरकतो. टांग्याचा आस सरकला तो असा. गुरुत्वमध्य मात्र जागच्या जागी राहिला तर ओझे टेकूच्या पुढे पडते आणि विमानाचे नाक खाली जाऊ पाहते.

साध्या विमानात नाक खाली जाऊ लागले तर शेपटीवरचा आडवा पंख किंचित वळवून ते सावरता येते. कॉन्कॉर्डला असा शेपटीचा पंखच नव्हता. त्याच्या त्रिकोणी पंखांच्या मागच्या कडेला हलती पाती होती, त्यांना एलेव्हॉन म्हणत; नाक वर-खाली करणे आणि विमान कलते करणे ही दोन्ही कामे तीच करीत. ही पाती वर उचलून धरली तर नाक सावरले असते, नाही असे नाही. परंतु दुप्पट ध्वनिवेगाच्या झंझावातात पाती उचलून धरणे म्हणजे भर पुरात होडीतून हात बाहेर घालून बसणे. हवेचा रोध वाढला असता, रोधाला पुरून उरण्यासाठी इंजिनांनी अधिक इंधन जाळले असते, आणि मग अटलांटिकचा पैलतीर गाठता आला नसता. शिवाय तोल राखण्यातच पात्यांची निम्मी हालचाल खर्ची पडली, तर विमान वळविण्यास उरते काय? म्हणून तोल पात्यांनी सावरू नये, वजनच मागे न्यावे, असे रचनाकारांनी ठरविले. रशियाच्या टुपोलेव्ह-१४४ या स्पर्धक विमानाच्या नंतरच्या आवृत्तीत, मंद वेगात नाकाला आधार मिळावा म्हणून, वैमानिकांच्या कक्षामागे मिशांसारखे दोन छोटे पंख बसविले होते. कॉन्कॉर्डने ते टाळले. देखणेपणा त्यामुळे टिकला खरा, पण त्याची किंमत अभियंत्याच्या फलकावर मोजावी लागली.

वजन किती आणि किती अंतर न्यावयाचे, याचे गणित फार अवघड नाही. कॉन्कॉर्डच्या पंखाची मुळाशी लांबी सुमारे २७.७ मीटर. गुरुत्वमध्याचे स्थान या लांबीच्या टक्केवारीत सांगत. म्हणजे एक टक्का हा जवळजवळ २८ सेंटीमीटरचा. जमीन सोडताना हा मध्य साडेत्रेपन्न टक्क्यांच्या आसपास असे, आणि मॅक २ या वेगाला, म्हणजे ध्वनीच्या दुप्पट वेगाला, तो एकोणसाठ टक्क्यांजवळ न्यावा लागे. फरक साडेपाच टक्के, म्हणजे दीड मीटर. त्या वेळी विमानाचे वजन १७० टन धरले, तर १७० गुणिले दीड असे २५५ टन-मीटर भरतात. आता हाताशी वीस टन इंधन हलते आहे असे समजू. २५५ ला २० ने भागले की पावणेतेरा मीटर येतात. वीस टन इंधन सरासरी पावणेतेरा मीटर मागे न्या, की विमानाचा तोल नव्या टेकूवर बसला. कॉन्कॉर्डमध्ये हलविले जाणारे इंधन खरोखरच वीस टनांच्या आसपास होते. वीस टन म्हणजे उतारू व सामान यांच्या जवळजवळ दुप्पट ओझे. ते उडत्या विमानात नळ्यांतून मागे वाहात असे आणि उतारूंना त्याचा पत्ताही लागत नसे.

हे वाहणे वेगाशी बांधलेले होते, हीच त्यातली खरी खुबी. लंडनहून निघालेले विमान जमिनीवरील वस्त्यांना गडगडाटाचा त्रास होऊ नये म्हणून प्रथम मॅक ०.९५ या वेगाने, म्हणजे ध्वनीच्या किंचित आत राहून, समुद्राकडे जाई. या अवस्थेत गुरुत्वमध्य पंचावन्न टक्क्यांवर आणून ठेवलेला असे. ब्रिस्टलची खाडी आली की वैमानिक इंजिनांच्या मागच्या भागात जादा इंधन पेटवीत. यास रीहीट म्हणत. विमान ध्वनीची वेस ओलांडी आणि मॅक १.७ पर्यंत ही जादा आग जळत राही. या काळात नऊ आणि दहा क्रमांकाच्या टाक्या रित्या होत जात, अकरा भरत जाई, आणि अकरा ठरलेल्या पातळीला पोहोचली की उरलेले इंधन मुख्य टाक्यांकडे वळे. वेग थोडा पुढे आणि इंधन थोडे मागे राहिले, तर नाक जड. इंधन पुढे आणि वेग मागे राहिला, तर शेपूट जड. दोघांनी हातात हात घालून चालावे लागे.

यासाठी कक्षात गुरुत्वमध्य दाखविणारा एक काटा होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन छोट्या खुणा. या खुणा स्थिर नव्हत्या. वेग बदलला की त्याही सरकत. काट्याने नेहमी त्या दोघींच्या मध्ये राहिले पाहिजे, इतकाच नियम. वेग दाखविणाऱ्या तबकडीवरही अशाच दोन खुणा असत, आणि त्या उलट गोष्ट सांगत: सध्या तोल जिथे आहे तिथे किमान आणि कमाल वेग किती चालेल. म्हणजे वैमानिक वेगाकडे पाहून तोलाचा अंदाज घेई आणि अभियंता तोलाकडे पाहून वेगाचा. मॅक २ च्या आसपास या वाटेची रुंदी अवघी दोन-एक टक्के, म्हणजे सुमारे हातभर. बासष्ट मीटर लांबीच्या विमानाने, ताशी दोन हजार किलोमीटरहून अधिक वेगाने जाताना, आपला मध्य एक हात रुंदीच्या वाटेवर ठेवावयाचा होता.

समुद्रावर, मॅक २ ला पोहोचल्यावर, अभियंत्याला उसंत मिळे असे कोणास वाटेल. पण या वेगाला चार इंजिने मिळून ताशी सुमारे वीस टन इंधन पीत. विमान हलके होत जाई आणि हलके होता होता आपोआप वर चढे. पन्नास हजार फुटांवरून निघालेले विमान साठ हजारांकडे सरकत राही. टाक्या रित्या होत त्या सर्व सारख्या नव्हेत. त्यामुळे तोल पुन्हा पुन्हा ढळू पाही. त्याच इंधनावर आणखी एक काम सोपविलेले होते. हवेच्या दाटीने विमानाचे नाक १२७ अंश सेल्सियसपर्यंत तापू दिले जाई. उतारूंच्या कक्षाची आणि यंत्रांतील तेलाची उष्णता शोषून घेण्यासाठी इंजिनाकडे जाणारे थंड इंधनच वापरले जाई. खाद्य, ओझे आणि शीतक अशा तिन्ही भूमिका एकाच द्रवाला कराव्या लागत. विमानाचे अंगही उष्णतेने सहा-सात इंचांहून अधिक लांबत असे, आणि अभियंत्याच्या फलकाशेजारी एक फट उघडे. निवृत्तीच्या प्रवासात ज्या विमानांनी शेवटचा असा वेग घेतला, त्यांच्या अभियंत्यांनी आपल्या टोप्या त्या फटीत ठेवल्या. विमान निवले, फट मिटली आणि टोप्या तेथेच अडकून राहिल्या. तिसऱ्या माणसाची अशी आठवण दुसऱ्या कोणत्या विमानाने ठेवली असेल असे वाटत नाही.

सिम्युलेटरपुढे बसलेला नवशिका चुकतो तो नेमका या तिसऱ्या माणसाच्या जागी. एकाच वेळी कप्तान, सहवैमानिक आणि अभियंता होणे त्याला भाग असते. त्याची पहिली चूक ठरलेली. तो रीहीट पेटवितो, वेगाच्या काट्याकडे डोळे लावून बसतो आणि इंधन पुढेच राहते. नाक जड होते, स्वयंचलित यंत्रणा निमूटपणे एलेव्हॉन वर उचलीत जाते, रोध वाढतो, वेग रखडतो. इंजिने कमजोर आहेत अशी समजूत करून घेऊन तो रीहीट चालूच ठेवतो, आणि अर्ध्या वाटेतच हिशेब कोलमडतो. दोष इंजिनांचा नसतो. उतारू टांग्यात पुढे दाटी करून बसलेले असतात एवढेच.

दुसरी चूक अधिक विनोदी, निदान पाहणाऱ्याला. विमानात चाळीस टन इंधन शिल्लक असताना एक इंजिन तहानेने बंद पडते. इंजिन आपल्या छोट्या टाकीतूनच पिते आणि त्या टाकीला भरणारा पंप कोणीच चालू केलेला नसतो! एकूण साठ्याचा आकडा पाहून निश्चिंत राहणाऱ्याला हा धडा एकदाच पुरतो. पेढीत लाखांची ठेव असून खिशात टांग्याचे भाडे नाही, अशातला हा प्रकार.

तिसरी चूक मात्र हसण्यावारी नेण्याजोगी नाही. पैलतीर जवळ आला, वेग उतरविला, विमान ध्वनीच्या आत आले, आणि शेपटातले इंधन शेपटातच राहिले. उचलीचा मध्य पुढे परतला आहे, ओझे मागे आहे. आता विमान उलाळ होऊ पाहते. नाक वर चढू लागते. त्रिकोणी पंखाचे नाक जितके वर तितका त्याचा रोध अधिक. वेग आणखी उतरतो, नाक आणखी वर जाते. पाती पूर्ण खाली दाबूनही ते ऐकत नाही अशी वेळ आली, तर सावरण्यास हाताशी काही उरत नाही. शिवाय या वेळी विमान हलके झालेले असते, म्हणून तोल अधिक हळवा. वर केलेल्या गणितातील एक टन इंधन पावणेतेरा मीटर हलविले, तर १७० टनांच्या विमानाचा मध्य साडेसात सेंटीमीटर सरकतो. तेच विमान ११० टनांवर आले की साडेअकरा. जी चूक जाताना खपली ती येताना खपत नाही.

काही खेळांत ही कटकट टळावी म्हणून एक अदृश्य अभियंता पुरविलेला असतो. कळ दाबली की तो सारे इंधन स्वतः हलवितो. सोयीची गोष्ट खरी. परंतु जो माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच्यावर विसंबून राहिला, त्याने कॉन्कॉर्डच्या खिडकीतून आकाश पाहिले एवढेच म्हणता येईल. मूळ विमानातही बरीचशी कामे यंत्रणा आपणहून करी. अकरा क्रमांकाच्या टाकीत किती भरावयाचे ते नेमून दिले की ती तेथे थांबे. तरीही वैमानिकांच्या मागे, उजव्या भिंतीकडे तोंड करून, एक माणूस अखेरपर्यंत बसवून ठेवावा लागला. त्याचे कारण नेहमीच्या उड्डाणात दिसत नाही. ते दिसते इंजिन बिघडल्यावर.

असे समजा, की विमान अटलांटिकच्या मध्यावर आहे, वेग मॅक २, तोल एकोणसाठ टक्क्यांवर, आणि चारांपैकी एक इंजिन बंद झाले. उरलेल्या तिघांच्या बळावर हा वेग टिकत नाही. विमानाला खाली येऊन ध्वनीच्या आत उडावे लागते. येथेच खरा पेच पडतो. कॉन्कॉर्डची इंजिने दुप्पट ध्वनिवेगालाच आपले सर्वोत्तम काम देत. मंद चालले म्हणून ते विमान काटकसरीने चालत नसे. उलट, तीन इंजिनांवर आणि दाट हवेत त्याचा पल्ला बराच घटे. न्यूयॉर्क आता हाताबाहेर गेले असेल, तर न्यूफाउंडलंडमधील गँडर, आयर्लंडमधील शॅनन किंवा अझोर्स बेटे यांपैकी कोठे उतरावयाचे याचा निर्णय काही मिनिटांत घ्यावा लागे. त्याच मिनिटांत वेग उतरत असे, वेगाबरोबर तोलाच्या खुणा पुढे सरकत, आणि काट्याने त्यांच्याबरोबर पुढे यावयास हवे असे. म्हणून अभियंत्याला शेपटातले इंधन पुढे धाडावे लागे; बंद इंजिनाच्या टाकीतले इंधन चालू इंजिनांकडे वळवावे लागे, एरवी विमान एका कुशीवर जड होई; आणि हे चालू असताना उरलेल्या साठ्यात किती अंतर जाता येईल याचा आकडा कप्तानाला द्यावा लागे.

या क्षणी ध्यानात येते की अकराव्या टाकीतले ते दहा टन दोन खात्यांवर मांडलेले आहेत. एका वहीत ते ओझे आहे, दुसऱ्या वहीत ते वाटखर्चीला आहे. ओझे म्हणून ते मागे ठेवावे, तर वेग उतरताच धोका; खर्च म्हणून ते पुढे आणून जाळावे, तर पुन्हा वेग घेता आला असता तेव्हा मागे न्यावयास शिल्लक काय? दुसऱ्या बहुतेक विमानांत इंधन किती आहे हा एकच प्रश्न असतो. कॉन्कॉर्डमध्ये ते किती आहे आणि कोठे आहे, असे दोन प्रश्न असत, आणि एकाचे उत्तर देताना दुसऱ्याचे उत्तर बदलून जाई. सिम्युलेटरमध्ये हा प्रसंग मुद्दाम घडवून आणता येतो. शिक्षक एक कळ दाबून इंजिन बंद पाडतो आणि शिकणाऱ्याचे हात कोठे जातात ते पाहतो. घरच्या खेळात घड्याळ थांबवून विचारही करता येतो. खऱ्या अभियंत्याला ती कळ दिलेली नव्हती.

इंधनाचे हे ओझे विमानाला किती महाग पडू शकते याचा एक दुःखद दाखला इतिहासात आहेच. २५ जुलै २००० रोजी पॅरिसहून निघालेल्या कॉन्कॉर्डच्या चाकाखाली धावपट्टीवर पडलेली धातूची पट्टी आली. फुटलेल्या टायरचा तुकडा पंखाखाली आदळला, पाचव्या क्रमांकाची टाकी फुटली, बाहेर आलेले इंधन पेटले. विमानातील १०९ आणि जमिनीवरील चौघे प्राणास मुकले. चौकशीत टाक्यांचा आणि वजनाचा सारा हिशेब तपासला गेला. विमान ठरलेल्या मर्यादेपेक्षा किंचित जड होते असे आढळले, पण अपघाताशी त्या जादा वजनाचा म्हणण्यासारखा संबंध नव्हता. त्यानंतर टाक्यांना आतून केव्हलारचे अस्तर लावण्यात आले आणि नोव्हेंबर २००१ मध्ये सेवा पुन्हा सुरू झाली. ती दोन वर्षे टिकली.

इंधन हलवून तोल राखण्याची युक्ती मात्र कॉन्कॉर्डबरोबर संपली नाही. एअरबसच्या ए-३१० च्या नंतरच्या आवृत्तीत आणि ए-३३० सारख्या विमानांत शेपटीच्या आडव्या पंखात टाकी असते आणि संगणक तिच्यातील इंधन पुढे-मागे करून रोध थोडा कमी राखतो. पण तेथे ही काटकसर आहे. ती साधली नाही तर काही टक्के इंधन अधिक जळेल, एवढेच. कॉन्कॉर्डला तिच्यावाचून आपल्या वेगाने उडताच येत नव्हते.

आणि विमान उतरल्यावरही हे काम संपत नसे. चाके थांबली, पायऱ्या लागल्या, उतारू पुढच्या दाराने बाहेर पडू लागले की विमानाचा पुढचा भाग हलका होई. अशा वेळी मागचे ओझे भारी राहून विमान जागच्या जागी शेपटावर बसू नये, म्हणून अभियंता उरलेले इंधन नवव्या टाकीत, अगदी पुढे, आणून ठेवी. सिम्युलेटरमधील हौशी वैमानिक या वेळेपर्यंत बहुधा यंत्र बंद करून चहाला उठलेला असतो. मूळ विमानात उतारू सामान घेऊन निघून गेलेले असत, कप्तान कागदांवर सह्या करीत असे, आणि उजव्या भिंतीशी बसलेला माणूस अजून नवव्या टाकीच्या काट्याकडे पाहात असे.